होडी ट्रकवरून नेता येते

“‘वादी ज्या होड्या बांधतात त्या ट्रकवर घालून रस्त्यानेही नदीपर्यंत नेता येतात. सबब, उताराची वहिवाट ही वादींची गरज नसून निव्वळ सोय आहे.’” निकालातलं एवढं वाचून वकीलबाईंनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला घेतला.

“परत वाचा,” वहिनी म्हणाली.

वकीलबाईंनी परत वाचलं. वाक्य काही बदललं नाही.

वहिनी उठली आणि शेडच्या पुढच्या खोलीचं दार तिने सताड उघडलं. बाहेर गल्ली होती. समोरच्या सायकलवाल्याने दुकानाबाहेर दोन सायकली लावल्या की रिक्षा अडायची, अशी गल्ली. मागे वळून पाहिलं तर शेडमध्ये ओंडक्यांवर उभी होती ती नवी होडी. पलीकडच्या काठावरच्या नावाड्यांसाठी बांधलेली, माणसं आणि मोटरसायकली दोन्ही घेणारी, पोटाशी गल्लीच्या दीडपट रुंद.

“कुठून नेणार हो ट्रक? सायकलवाल्याच्या डोक्यावरून? आम्ही तेव्हा हात जोडून सांगत होतो की कोर्टाचा माणूस पाठवा, गल्ली मोजून घ्या. तर म्हणे गरज नाही. आणि न मोजताच हे लिहिलं?”

“लिहिलंय खरं.”

“लाज वाटली नाही लिहिताना?”

“अगं, जरा हळू,” दादा म्हणाले. “न्यायाधीशांना असं बोलू नये.”

दादा म्हणजे थोरले दीर. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते, पण अजूनही कुठे दोन माणसं चढ्या आवाजात बोलली की त्यांचा हात आपोआप वर जायचा, वर्ग शांत करायला जातो तसा. वहिनीला तो हात बघूनच तिडीक यायची. निकालाच्या दिवशी हा हात कुठे होता? दादा गेल्या नऊ वर्षांत कोर्टाची पायरी चढले होते ती एकदाच, सासरे अण्णा गेल्यावर त्यांच्या जागी वारस म्हणून नावं लावायची होती तेव्हा. दादा, मिस्त्री आणि छोटी, तिघं भावंडं त्या दिवशी ओळीने उभी राहिली, सह्या केल्या, आणि जी परतली ती परतलीच. पुढच्या सगळ्या तारखा वहिनीच्या. कोर्टाच्या आवारात झेरॉक्सवाल्यापासून पट्टेवाल्यापर्यंत सगळे तिला ‘होडीवाल्या वहिनी’ म्हणून ओळखत. कुठल्या बाकाचा पाय डगमगतो आणि कुठला क्लार्क जेवणानंतर जागेवर सापडत नाही, हे तिला माहेरच्या माणसांच्या स्वभावासारखं ठाऊक होतं.

भांडण उताराचं होतं. शेडच्या मागच्या दारापासून नदीपर्यंत जमीन उतरत जाते. तिचा वरचा अर्धा भाग घरचा, खालचा अर्धा शेजारच्या जमिनीतला. अण्णांच्या वडिलांच्या काळापासून प्रत्येक होडी त्याच उतारावरून ओंडक्यांवर घरंगळत पाण्यात गेली होती. कुणी विचारलं नाही, कुणी अडवलं नाही. मग शेजारची जमीन एकाने विकत घेतली, तिथे समारंभांसाठी हिरवळ लावली, दिव्यांच्या माळा सोडल्या आणि उताराच्या बरोबर मध्ये लोखंडी गेट ठोकून कुलूप घातलं. तेव्हापासून त्याचं घरातलं नाव लॉनवाला. दावा चालू होता तोवर कोर्टाच्या तात्पुरत्या मनाईमुळे कुलूप निघालेलं होतं. परवा दावा फेटाळला गेला आणि त्याच दिवशी कुलूप पुन्हा लागलं. नवंकोरं.

“आता पुढे काय?” मिस्त्रींनी विचारलं. ते मघापासून उंबऱ्यात उकिडवे बसले होते, डांबराने काळी झालेली नखं कुरतडत. मिस्त्री म्हणजे वहिनीचा नवरा. त्यांना सारं गाव मिस्त्रीच म्हणायचं आणि इतकी वर्षं ऐकून ऐकून तीही.

“अपील,” वकीलबाई म्हणाल्या. “हा शेवटचा निकाल आहे, दावा पुरता निकाली निघालाय. त्यामुळे वरच्या कोर्टात जायचा तुम्हाला हक्क आहे. कुणाची मेहेरबानी नाही. आणि या पहिल्या अपिलात नुसता कायद्याचा कीस पाडायचा नसतो. साक्षी, पुरावे, सगळं पुन्हा तपासून मागता येतं.”

“हे अपिलाचं आम्ही आधीही ऐकलंय,” दादा म्हणाले. “गल्ली मोजायचा अर्ज फेटाळला तेव्हा ही धावत वर गेली होती. काय झालं? दारातून परत पाठवलं. माझ्या शाळेत येऊन लोकांनी सांगितलं मला.”

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती फजिती ती विसरली नव्हती. तिथला क्लार्क हसून म्हणाला होता, बाई, प्रत्येक रडगाण्यावर अपील नसतं.

“तेव्हा त्या माझं न ऐकता गेल्या होत्या,” वकीलबाई शांतपणे म्हणाल्या. “दावा चालू असताना कोर्ट मधेमधे बरेच हुकूम देतं. त्यातल्या काहींवरच लगेच अपील करता येतं. गल्ली मोजायला नकार हा त्यातला नाही. पण म्हणून ती तक्रार मेली असं नाही, दादासाहेब. ती तेव्हा थांबली होती. आता मुख्य निकालावर अपील करताना तोच मुद्दा मांडता येतो, की तुम्ही मोजू दिलं नाहीत आणि वर म्हणता ट्रक जातो. खरं सांगू? आपल्या हातातला सगळ्यात भक्कम मुद्दा आज तोच आहे.”

वहिनीने दादांकडे पाहिलं. दादांनी पंख्याकडे पाहिलं.

“मुदत एक महिन्याची,” वकीलबाई पुढे म्हणाल्या. “निकालाची नक्कल मिळायला जितका वेळ लागेल तितका त्यातून वगळतात. पण त्या भरवशावर राहू नका. सह्या आजच झाल्या तर बरं.”

“द्या इकडे,” वहिनीने हात पुढे केला.

वकीलबाई म्हणाल्या, “तुमची नाही चालणार, वहिनी. तुम्ही दाव्यात पक्षकार नाही. अपील त्या तिघांचं.”

हे वहिनीला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि भरल्या खोलीत ऐकणं वेगळं. पावसात, उन्हात, अंगात ताप असताना ती गेली होती. उलटतपासणीत अण्णांची जीभ कोरडी पडली तेव्हा पाण्याचा ग्लास तिने पुढे केला होता. आणि आता सही करायची वेळ आली तर ती कुणीच नाही? नुसती पाणी देणारी?

“ठीक आहे,” ती म्हणाली. “मग हे करतील.”

मिस्त्री उठले नाहीत.

“अहो?”

“दादाचं एकदा ऐकून तरी घे,” ते जमिनीकडे बघत म्हणाले.

म्हणजे आधीच बोलणं झालं होतं. वहिनीला कुणीतरी मागून ढकलल्यासारखं वाटलं.

दादांनी घसा साफ केला. “काल लॉनवाला माझ्याकडे आला होता. माणूस वाटतो तितका वाईट नाही. म्हणाला, जिंकलो म्हणून मला मिरवायचं नाही. तुमची होडी अडकलीय, मी गेट उघडतो. पुढेही कधी होडी झाली की आधी सांगायचं, तो उघडेल. फक्त आपण तिघांनी लिहून द्यायचं की निकाल मान्य आहे, अपील करणार नाही, आणि उताराचा वापर त्याच्या परवानगीने आहे. संपलं. शेजारी शेजाऱ्यासारखे राहू.”

“परवानगीने?”

“शब्दात काय आहे?”

“शब्दातच तर आहे, दादा! नऊ वर्षं आपण काय सांगत होतो? की विचारायची गरज नाही, हा आमचा हक्क आहे. आणि आता आपल्याच हाताने लिहून द्यायचं की आम्ही मागून घेत होतो? उद्या त्याच्याकडे समारंभ असला तर? त्याचा मूड नसला तर? त्याच्या पोराला आपलं तोंड आवडलं नाही तर?”

“ते तेव्हा बघू.”

“तेव्हा बघायला काही उरणार नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “एकदा अपील सोडल्याचं लिहून दिलंत की ते दार बंद. मला दोष देऊ नका मग.”

“होडी सुकतेय,” मिस्त्री एकदम म्हणाले. आवाज बसलेला होता. “तुम्ही सगळे कागदावर बोलताय. लाकूड आहे ते. बांधून झालेली होडी अशी शेडमध्ये उभी ठेवली की फळ्या आक्रसतात, सांधे उघडे पडतात. नावाडी रोज विचारतात. मी काय सांगू त्यांना? की माझ्या बायकोला कोर्टात जायची सवय लागलीय?”

वकीलबाई नसलेली धूळ कागदांवरून झटकू लागल्या. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. नुसते कान गरम झाले.

“सवय,” ती म्हणाली. “बरं.”

तेवढ्यात गल्लीत करकचून ब्रेक लागला. ‘शिकाऊ चालक’ अशी पाटी डोक्यावर घेतलेली गाडी सायकलवाल्याच्या सायकलीपासून वीतभर अंतरावर थांबली. आतून छोटी उतरली. पंचेचाळिशी उलटली तरी घरात ती छोटीच. तिची ड्रायव्हिंग स्कूल होती आणि दिवसभर शिकाऊंवर ओरडून तिला हळू बोलणं जमेनासं झालं होतं. तिचं आणि वहिनीचं तसं कधी जमलं नव्हतं. अण्णांच्या शेवटच्या दुखण्यात डॉक्टर कुठला करायचा यावरून दोघींचं जे बिनसलं, ते बिनसलंच होतं.

“उशीर झाला, एका बाईने गिअरऐवजी वायपर लावला,” ती म्हणाली. “कुठे सही करायची? दादा म्हणाला सगळं ठरलंय.”

“तुझ्या दादांनी ठरवलंय,” वहिनी म्हणाली.

छोटीने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग टेबलावरचा निकाल ओढून घेतला आणि उभ्यानेच चाळायला लागली. दादा तिला लॉनवाल्याचं म्हणणं समजावून सांगत होते, ती हूं हूं करत होती. मधेच तिचं हूं थांबलं.

“हे काय आहे? ‘मयत मूळ वादीची साक्ष स्वार्थापोटी दिलेली असून विश्वासार्ह वाटत नाही.’ मयत मूळ वादी म्हणजे कोण?”

“अण्णा,” वहिनी म्हणाली.

“अण्णा खोटं बोलले असं लिहिलंय?”

“अगं, ती कोर्टाची भाषा असते,” दादा म्हणाले. “तसा अर्थ घ्यायचा नसतो.”

“मग कसा घ्यायचा असतो? अविश्वासू म्हणजे प्रामाणिक?” छोटीचा आवाज चढला. “अण्णांनी एकदा गिऱ्हाइकाला सांगून टाकलं होतं की तुमच्या होडीत एक फळी मला पसंत नाही, आठ दिवस थांबा. गिऱ्हाईक बिचारं म्हणत होतं चालेल. अण्णा म्हणाले, मला चालत नाही. तो माणूस शपथ घेऊन खोटं बोलला? आणि तू त्याखाली लिहून देणार, आम्हाला मान्य आहे?”

“भावनेच्या भरात...”

“भावनेच्या भरात नाही, दादा! मला सरळ सांग. आपण मान्य आहे म्हणून सही केली तर ही ओळ तशीच राहणार ना?”

“राहणार,” उत्तर वकीलबाईंनी दिलं. “अपिलात ती पुसून मागता येते. मिळेलच असं मी म्हणत नाही.”

छोटी वहिनीकडे वळली. “तू होतीस ना तिथे? अण्णा बोलले तेव्हा?”

“होते.”

“काय म्हणाले होते?”

“त्या वकिलाने विचारलं, उतार वापरायला कुणाची परवानगी घेतली होती? अण्णा म्हणाले, श्वास घ्यायला घेतो का?”

छोटी हसली आणि हसता हसताच तिने डोळे पुसले. “मी यायला हवं होतं,” ती म्हणाली. मग लगेच पहिल्यासारख्या आवाजात, “तिघांच्या सह्या लागतात का?”

“एकाचीही पुरते,” वकीलबाई म्हणाल्या. “निकाल तिघांविरुद्ध एकाच कारणाने गेलाय. एकाने अपील केलं आणि जिंकलं तर फायदा तिघांना.”

छोटीने सही केली. सही करून पेन वहिनीच्या हातात ठेवताना म्हणाली, “हे तुझ्यासाठी नाही हं.”

“माहितेय.”

दादा उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “मी त्या माणसाला शब्द दिलाय. त्याला आता काय सांगू?”

“सांगा की घरी विचारायचं राहिलं होतं,” वहिनी म्हणाली.

“माझं नाव कुठेही घालायचं नाही. मी या अपिलात नाही.”

“नाव घालावंच लागेल,” वकीलबाई म्हणाल्या. “दाव्यातला जो पक्षकार अपिलात सोबत येत नाही त्याला समोरच्या बाजूला दाखवावं लागतं. नाहीतर अपील अपुरं ठरतं.”

“समोरच्या म्हणजे?”

“लॉनवाल्याच्या.”

दादांचा हात वर गेला, मग खाली आला. ते तसेच गल्लीतून निघून गेले. मिस्त्री हे ऐकत नव्हते. ते केव्हाच आत होडीपाशी गेले होते, आणि आतून ओल्या गोणपाटाचा सपसप आवाज येत होता.

त्यानंतरचे दिवस वहिनीने कसे काढले ते तिलाच माहीत. घरात बोलणं चालू होतं, पण मीठ दे, दिवा लाव, एवढंच. मिस्त्री सकाळ-संध्याकाळ होडीवर ओली गोणपाटं टाकायचे, आत बादल्यांनी पाणी भरायचे, सांध्यांतून बोट फिरवायचे. वहिनी बादली उचलायला गेली तर म्हणायचे, राहू दे. नावाड्यांचा म्होरक्या येऊन होडीच्या पोटावर हात फिरवून गेला आणि थांबतो म्हणाला. तो तरी थांबतो म्हणाला, याचाही वहिनीला राग आला. बाहेरच्या माणसाला कळतं आणि घरच्याला नाही?

अपील मुदतीत दाखल झालं. छोटी दोनदा वकीलबाईंकडे जाऊन आली, दोन्ही वेळा वहिनीला गाडीतून घेऊन गेली. वाटेत दोघी एकमेकींशी कमी आणि रस्त्यावरच्या इतर गाड्यांशी जास्त बोलल्या.

मग एका सकाळी कोर्टाच्या नोटिसा वाटणारा बेलिफ शेडच्या दारात आला. पिशवी खांद्याला, डोक्यावर टोपी, तोंडावर कुणाचंच काही देणंघेणं नसल्याचा भाव. वहिनीला बघून मात्र हसला. “होडीवाल्या वहिनी, आज तुमच्याकडे नाही, तुमच्या मालकांकडे काम आहे.”

मिस्त्री परांचीवरून खाली उतरले. बेलिफाने कागद दिला, पोच घेतली. मिस्त्रींनी हात पुसून, कागद लांब धरून वाचायला सुरुवात केली. वहिनी पाठमोरी उभी राहून तारेची गुंडाळी सोडवत होती. तिला ती सोडवायची नव्हती.

“हे चुकलंय,” मिस्त्री बेलिफाला म्हणाले.

“मी फक्त वाटतो, साहेब.” आणि बेलिफ गेला.

मिस्त्रींनी पुन्हा वाचलं. वरच्या बाजूला अपील करणारी म्हणून छोटीचं नाव होतं. खाली ‘विरुद्ध’. त्याखाली पहिला लॉनवाला, दुसरे दादा, तिसरे मिस्त्री.

“मी याच्या रांगेत?” त्यांचा आवाज शेडमध्ये घुमला. “मी? मी त्याच्या गेटसाठी भांडतोय असं वाचतंय हे!”

“वाचतंय तसंच आहे,” वहिनी म्हणाली.

“मी कधी म्हणालो गेट राहू दे?”

“तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. एका बाजूला बसला नाहीत, मग दुसऱ्या बाजूला बसवावं लागलं. वकीलबाई सांगत होत्या. तुम्ही इथे गोणपाट भिजवत होतात.”

“माझ्याच बहिणीने माझ्यावर...”

“बहिणीने नाही. मी कागद तयार करून घेतला. तुमचं नाव मी सांगितलं, त्याच्या खाली. माझ्या तोंडाने सांगितलं. मला काय वाटलं असेल? आहे तुम्हाला त्याची कल्पना? नऊ वर्षं मी ज्या माणसाच्या विरुद्ध उभी राहिले, त्याच्या मांडीला मांडी लावून माझा नवरा. आणि मला म्हणे सवय लागलीय!”

तिचा श्वास फुलला होता. मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. मग होडीकडे. मग पुन्हा कागदाकडे.

“ते मी बोलायला नको होतं,” ते म्हणाले.

“नको होतं.”

“लाकडाची भीती वाटली म्हणून बोललो.”

“मला लाकडाची भीती वाटत नाही असं वाटतं का तुम्हाला?”

मिस्त्रींनी कागदाची घडी घातली, उलगडली. शेवटी म्हणाले, “इकडून तिकडे होता येतं का?”

“येतं. अर्ज करावा लागतो. जाऊन सांगावं लागतं की मला अपील करणाऱ्यांच्या बाजूला घ्या. कोर्टाने मान्य केलं की झालं.”

मिस्त्रींनी रॉकेलने हात धुतले, शर्ट बदलला आणि छोटीला फोन लावला. “गाडी घेऊन ये. शिकाऊ बसलेला असेल तर त्याला उतरव, मला घाई आहे.”

वहिनीने पिशवी उचलली, चपला पायात सरकवल्या. मिस्त्री म्हणाले, “तू थांब.”

“मी? मला सगळं पाठ आहे. कुठल्या खिडकीवर जायचं, कुणाला...”

“म्हणूनच थांब. मलाही एकदा विचारत विचारत जाऊ दे.”

छोटीची गाडी हॉर्न वाजवत गल्लीतून गेली. वहिनी चपला न काढताच शेडमध्ये आली आणि होडीभोवती एक फेरी मारली. गोणपाटं वाळायला लागली होती. तिने बादली भरली, एकेक गोणपाट भिजवून फळ्यांवर नीट पसरलं. या खेपेला ‘राहू दे’ म्हणायला कुणी नव्हतं. पण तिचं लक्ष फोनकडे होतं. आता पायऱ्या चढले असतील. आता चुकीच्या खिडकीवर गेले असतील.

दुपार उलटून गेल्यावर फोन वाजला. छोटी होती.

“झालं. अर्ज घेतला. वकीलबाई म्हणतात लॉनवाला आडवा येईल, पण त्याने काही बिघडणार नाही.”

“आणि हे?”

“त्याचं काय विचारतेस! आधी जाऊन बसला तुझ्या त्या डगमगत्या बाकावर. मग क्लार्कने विचारलं, इतकी वर्षं कुठे होतात? तर म्हणाला, घरी होतो, बायको येत होती. क्लार्क म्हणाला, त्यांना ओळखतो आम्ही. मग जेवणाची सुट्टी झाली. मग साहेब आले नाहीत. मग आले तर फाईल सापडेना. आणि आता बाहेर येऊन माझ्यावर ओरडतोय. ऐकतेस ना? तो ओरडतोय तोच आवाज.”

वहिनीने फोन कानाशी घट्ट धरला. रस्त्यावरच्या गोंगाटातून मिस्त्रींचा आवाज ओळखू येत होता. माणसाला इतका वेळ उभं ठेवतात? पाणीसुद्धा विचारत नाहीत? दिवसभर नुसतं थांबा, थांबा! ही काय पद्धत झाली?

तिला हसूही येत होतं आणि संतापही. नऊ वर्षं ती हेच घरी येऊन सांगत होती, आणि ते फळी तासत हूं म्हणत होते.

“छोटी,” ती म्हणाली, “त्यांना म्हणावं, आजचा पहिलाच दिवस आहे.”